तृतीयपंथी कलावंत : सत्कार झाला, आधाराचे काय?

सार्वजनिक जीवनात तृतीयपंथी कलावंतांची आठवण बहुधा सत्काराच्या निमित्ताने होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकातील लोकनर्तिका मंजम्मा जोगती पद्मश्री स्वीकारण्यासाठी राष्ट्रपती भवनात गेल्या. पुरस्कार घेण्यापूर्वी त्यांनी आपल्या पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांनी ते छायाचित्र छापले. या गौरवाबद्दल आनंद वाटावा हे योग्यच आहे. परंतु ज्या समाजात एक कलावंत त्या सभागृहापर्यंत पोहोचतो आणि त्याच तोडीचे अनेक कलावंत आठवडी बाजारात हात पसरताना दिसतात, त्या समाजाने केवळ टाळ्यांवर समाधान मानणे योग्य नव्हे. सत्कार ही शेवटची पायरी होय. तिच्या खालच्या पायऱ्या बांधल्या गेल्या आहेत काय, आणि नसल्यास त्या कोणी बांधावयाच्या, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न समजून घ्यावयाचा तर इतिहासाचे एक पान उलटावे लागेल. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. भटक्याविमुक्तांच्या चळवळीमुळे त्या कायद्याची काळी बाजू महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना परिचित आहे. मात्र त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीविषयी होता, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांना लागू झालेल्या त्या भागानुसार नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे, सार्वजनिक ठिकाणी नाचणे वा वाद्य वाजविणे, एवढेच नव्हे तर मोबदला घेऊन कोणाच्या घरी कला सादर करणे, हा गुन्हा ठरला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होती आणि अटकेसाठी वॉरंटाचीही गरज नव्हती. निजामाच्या राज्यात १९१९ च्या सुमारास याच धर्तीचा कायदा झाला. तो पुढे तेलंगणाच्या कायदेपुस्तकात तसाच राहिला आणि तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२३ साली तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

या कलमांचा अर्थशास्त्रीय अर्थ स्पष्ट आहे. ज्या समूहाचे नृत्य व गायन हेच उपजीविकेचे साधन होते, त्याचे ते साधनच राज्यसत्तेने गुन्हा म्हणून घोषित केले. विणकराचा माग मोडावा, शेतकऱ्याची जमीन काढून घ्यावी, त्याच जातीचे हे कृत्य होते. कसब हिरावून घेतलेल्या माणसापुढे भिक्षा आणि देहविक्रय हे दोनच मार्ग उरतात. मग ‘हे लोक काम का करीत नाहीत?’ असा प्रश्न विचारण्यास प्रतिष्ठित समाज मोकळा होतो. आज जे दारिद्र्य या समूहाच्या स्वभावाचा भाग म्हणून दाखविले जाते, त्याचा मोठा अंश अशा रीतीने कायद्याने आणि बहिष्काराने निर्माण केलेला आहे.

स्वतंत्र भारताने या अन्यायाची दखल उशिरा घेतली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींचे मूलभूत अधिकार मान्य केले आणि त्यांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून सवलती द्याव्यात, असा आदेश दिला. २०१९ साली संसदेने या विषयावर कायदा केला. त्या कायद्यातील अनेक तरतुदींवर या समाजातूनच सकारण टीका झाली. तथापि त्याच्या आठव्या कलमात एक वाक्य असे घातले गेले की, तृतीयपंथी व्यक्तींचा सांस्कृतिक कार्यात भाग घेण्याचा अधिकार जपण्यासाठी व वाढविण्यासाठी शासनाने योग्य ते उपाय योजावेत. १८७१ च्या कायद्याने जे हिरावले ते परत देण्याचे वचन या एका वाक्यात आहे. वचनाला अंदाजपत्रकात रक्कम लागते. ती नसेल तर कायद्यातील वाक्य हे भिंतीवरच्या सुभाषितासारखे होऊन बसते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न दूरचा नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रातील होत्या. स्वतःची नोंद करण्यास धजावले त्यांचाच हा आकडा असल्याने प्रत्यक्ष संख्या अधिक असणार, हे उघड आहे. त्यांतील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. त्याच जनगणनेत देशाचे एकूण प्रमाण सुमारे ७३ टक्के आढळले. अनुदानाच्या अर्जाचा नमुना तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने हे दोन आकडे टेबलावर ठेवावेत.

दक्षिण महाराष्ट्रात कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात यल्लम्माचे जोगते व जोगतिणी यांची परंपरा आहे. सौंदत्तीच्या डोंगराकडे जाणारी वाट हा या भागाच्या लोकजीवनाचा एक भाग आहे. डोक्यावर जग, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि सोबतीला चौंडके व तुणतुणे, अशा थाटात जोगते गातात व नाचतात. डोक्यावरचा भार न हलविता नाचण्याचे त्यांचे कसब वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते. या सर्वांना आजचा ‘पारलिंगी’ हा शब्द लागू पडतो असे नाही. काहींना तो आपला वाटतो, काहींना वाटत नाही. परंतु त्यांच्या वाट्याला आलेली हेटाळणी आणि त्यांच्या कलेची झालेली उपेक्षा यांत मात्र फरक पडलेला नाही. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी हे जग मराठी साहित्यात आणले. त्यांच्या आधारे २००९ साली आलेल्या ‘जोगवा’ या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्याची गाणी घराघरांत पोहोचली. ज्यांच्या आयुष्यावर आणि वाद्यावर हे यश उभे राहिले, त्या जोगत्यांच्या पदरात त्यातून किती पडले, हा हिशेब कोणी मांडला नाही.

मराठी समाजाला पुरुषाने साडी नेसून रंगभूमीवर येण्याचे वावडे कधीच नव्हते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर या समाजाने जीव ओवाळून टाकला आणि १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले तेव्हा महाराष्ट्र सुखावला. बालगंधर्वांची थोरवी निर्विवाद आहे. तथापि तीच साडी तमाशातील नाच्याने वा बाजारातील जोगत्याने नेसली की ती विनोदाचा विषय होते. साडी तीच राहते. तिच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांत वर्ग आणि जात उतरते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. कला चांगली असेल तर तिला प्रेक्षक मिळेल, त्यासाठी अनुदान कशाला, असा तो आक्षेप होय. त्याचे उत्तर अर्थशास्त्राने पूर्वीच दिले आहे. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारखान्यात यंत्रे सुधारली की एका कामगाराचे उत्पादन वाढते. परंतु चार वादकांना जी रचना वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी अर्धा तास लागत असे, तिला आजही अर्धा तासच लागतो. इतर क्षेत्रांतील वेतन वाढत जाते तसा कलेचा खर्चही वाढतो, उत्पादकता मात्र तेथल्या तेथे राहते. ही तूट तिकीटविक्रीतून भरून निघत नाही. ती कोणी ना कोणी सोसावी लागते. प्रस्थापित कलांच्या बाबतीत ती शासन, अकादमी आणि उद्योगपती सोसतात. तृतीयपंथी कलावंताच्या बाबतीत ती त्याचे स्वतःचे पोट सोसते. अनुदान नको म्हणणाऱ्यांनी आधी शासकीय नाट्यगृहांना व संगीत महोत्सवांना मिळणाऱ्या साहाय्याकडे पाहावे. अनुदान आजही आहेच. ते कोणापर्यंत पोहोचावयाचे एवढाच वाद आहे.

महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे आणि २०२४ साली ते दरमहा सरसकट ५,००० रुपये करण्यात आले. ही योजना चांगली आहे. परंतु तिचे स्वरूप आयुष्याच्या उत्तरार्धातील आधाराचे आहे. त्यासाठी सर्वसाधारणपणे वयाची पन्नाशी गाठावी लागते आणि कागदपत्रांची चळत जोडावी लागते. ज्याला किशोरवयातच घराबाहेर काढले गेले, ज्याचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव एक आणि गावोगावी ओळखले जाणारे नाव दुसरे, ज्याच्याकडे स्वतःची शिधापत्रिका नाही, त्याने हे कागद आणावयाचे कोठून? शिवाय कलावंताला आधार हवा असतो तो उमेदीच्या वर्षांत. पंचविसाव्या वर्षी पोटासाठी ज्याने चौंडके खुंटीला टांगले, त्याला पन्नासाव्या वर्षी कलावंत म्हणून मानधन मिळण्याचा संभवच उरत नाही.

म्हणून कामासाठी दिले जाणारे, तरुण वयातील अनुदान सुरू झाले पाहिजे. त्याचा हिशेब कठीण नाही. एका जिल्ह्यात दहा तृतीयपंथी कलावंतांना दरमहा ५,००० रुपये दिले तर वर्षाला सहा लाख रुपये लागतात. छत्तीस जिल्ह्यांना मिळून दोन कोटी सोळा लाख. महाराष्ट्रासारख्या राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधण्यासाठी भिंग घ्यावे लागेल. अनुदानाच्या अटी मात्र विचारपूर्वक ठरवाव्या लागतील. अर्ज लेखी असावाच असा आग्रह नको. तोंडी सादरीकरण पाहून निवड व्हावी. निवड समितीत निम्मे सदस्य त्या समाजातील कलावंत असावेत. शरीराविषयी वा शस्त्रक्रियेविषयी एकही प्रश्न विचारला जाऊ नये. प्रश्न कलेविषयीच असावेत. रक्कम थेट कलावंताच्या हाती पडावी. वाद्य, वेशभूषा, प्रवास आणि तालमीची जागा हा खर्च वेगळा धरावा. कारण घरमालक खोली देत नाही आणि सभागृहाचा व्यवस्थापक दार उघडत नाही, ही अडचण पैशाइतकीच मोठी आहे.

तथापि केवळ पैशाने कलावंत घडत नाही. तमिळनाडूतील भरतनाट्यम् नर्तकी नर्तकी नटराज यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मदुराईत जन्मलेल्या या कलावंताला घर सोडावे लागले. तंजावरच्या प्रख्यात नट्टुवनार घराण्यातील के. पी. किट्टप्पा पिल्लै यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले आणि सुमारे पंधरा वर्षे शिकविले. २०११ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार व २०१९ ची पद्मश्री त्यांना मिळाली. २०२१ साली तमिळनाडू शासनाने त्यांना आपल्या राज्य नियोजनविषयक परिषदेवर सदस्य नेमले. मंजम्मा जोगती यांनाही घर सुटल्यावर भिक्षेचे दिवस काढावे लागले. काळव्वा जोगती यांच्याकडून त्या जोगती नृत्य शिकल्या, त्यांच्या मंडळींसमवेत हिंडल्या आणि २०१९ साली कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. दोन्ही ठिकाणी राज्यसंस्था अखेरीस आली. आरंभी एक गुरू होता आणि त्याने दार उघडले होते. हे दार योगायोगाने उघडले. ज्यांच्या बाबतीत तो योगायोग घडला नाही त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. योगायोगाचे रूपांतर व्यवस्थेत करणे, हेच तर नियोजनाचे काम असते.

ही व्यवस्था महाराष्ट्राला अपरिचित नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने एके काळी नेमके हेच केले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले, केशकर्तनाचा व्यवसाय करणारे राम नगरकर, गिरणगावातून आलेले दादा कोंडके हे त्या तालमीतून पुढे आले. त्यांना कोणी शिष्यवृत्ती दिली नव्हती; परंतु तालमीची जागा, चुका सांगणारे जाणते लोक, लिहून देणारे लेखक आणि गावोगावचा प्रेक्षक या चार गोष्टी मिळाल्या. तृतीयपंथी कलावंतांना आज याच चार गोष्टी मिळत नाहीत.

मार्गदर्शनाचा आणखी एक पैलू आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे मराठी आत्मकथन २०१२ साली आले. तमिळमध्ये लिव्हिंग स्माइल विद्या आणि ए. रेवती यांनी लिहिले. मराठीत दिशा पिंकी शेख यांची कविता वाचली जाते. हे लेखन मोलाचे आहे. परंतु तृतीयपंथी लेखकाकडून बाजार एकाच मालाची मागणी करतो, ती म्हणजे त्याच्या दुःखाची. दलित आत्मकथनांच्या बाबतीत हा अनुभव मराठीने घेतलेलाच आहे. पहिले पुस्तक डोक्यावर घेतले जाते आणि दुसऱ्या पुस्तकाची वाट कोणी पाहत नाही. शेतीवर, प्रेमावर, पावसावर किंवा निवडणुकीवर लिहिण्याचा अधिकार त्या लेखकालाही आहे. चांगला मार्गदर्शक त्याला जखम दाखविण्याचा आग्रह करणार नाही. तो त्याची वाक्यरचना सुधारील, त्याला ग्रंथालयाची वाट दाखवील आणि संपादकाशी गाठ घालून देईल.

तिसरा आधार परस्परसाहाय्याचा. या समाजाने तो स्वतःच्या बळावर पूर्वीपासून उभा केला आहे. गुरू-चेल्याची परंपरा, घराणी, जमात ही घराने टाकलेल्यांनी बांधलेली घरे होत. आजारपणात पाहणारे, मेल्यावर मूठमाती देणारे कोणी तरी असावे, ही गरज त्यांतून भागली. त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी त्या जागी दुसरे काय दिले, हे आधी सांगावे. त्याचबरोबर हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे की, जेथे चेल्याची कमाई गुरूच्या हाती जाते आणि बाहेर पडावयाचे तर दंड भरावा लागतो, तेथे आश्रय आणि पिळवणूक एकाच छपराखाली नांदतात. सावकारही अडीनडीला धावून येतो. म्हणून सावकारी न्याय्य ठरत नाही. सावकारीला ज्या चळवळीने सहकारी पतपेढीचा पर्याय दिला, तिने येथेही तोच मार्ग सुचवावा. जिल्हा पातळीवर तृतीयपंथी कलावंतांची सहकारी संस्था, तिच्या मालकीची वाद्ये व पोशाख, कार्यक्रमाचे दर ठरविण्याचा तिचा अधिकार आणि अडचणीच्या वेळी उसने देणारा छोटा निधी, एवढे झाले तर गुरूचा मान राहील आणि चेल्याचे पायही मोकळे होतील.

अशा सामूहिक कामाची उदाहरणे आहेत. चेन्नईत २०१४ साली पारलिंगी कलावंतांनी स्वतःच पन्मै थिएटर हा नाट्यगट काढला. बंगळुरूत २०१६ साली पूर्णिमा सुकुमार यांनी सुरू केलेल्या अरवानी आर्ट प्रोजेक्टमध्ये पारलिंगी स्त्रिया व इतर स्त्रिया एकत्र येऊन शहरांच्या भिंतींवर मोठी चित्रे रंगवितात. २०२४ साली व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांचे भित्तिचित्र होते. ज्या रस्त्यावर अपमान सोसावा लागतो त्याच रस्त्याची भिंत रंगविणारा माणूस तेथून पुढे मान वर करून जातो. शासनाच्या पातळीवर तमिळनाडूने २००८ सालीच या समाजासाठी कल्याण मंडळ स्थापन केले. महाराष्ट्रात असे मंडळ २०२० साली झाले. पहिल्या आणि दुसऱ्या तारखेतील हे अंतर पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याला शोभणारे नाही.

दोन आक्षेपांचा विचार करणे अवश्य आहे, कारण ते विरोधकांकडून न येता चळवळीच्या आतूनच येतात. पहिला असा की, शेतमजूर, बेकार आणि झोपडपट्टीवासी यांचे प्रश्न तुंबलेले असताना हा ‘मूठभरांचा’ प्रश्न कशाला? वस्तुतः ज्यांना शिधापत्रिका, निवारा आणि रोजगार यांपैकी काहीच मिळत नाही, त्यांच्याइतके सर्वहारा दुसरे कोण आहेत? संख्या हा मतपेटीचा निकष आहे. न्यायाचा निकष म्हणून तो वापरला तर समाजवादाची भाषा सोडून द्यावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जोगते-जोगतिणींची कला देवाला माणूस सोडण्याच्या अघोरी प्रथेला चिकटलेली आहे. तिला उत्तेजन दिले तर अंधश्रद्धेला बळ मिळेल. गडहिंग्लजला १९७५ साली देवदासींची परिषद भरविणाऱ्या चळवळीला ही चिंता वाटणे स्वाभाविक आहे. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने नंतर देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले, ते योग्यच झाले. एकाही मुलाला देवाला सोडण्यास कोणतीही सवलत मिळता कामा नये. परंतु प्रथा आणि कला यांची फारकत करता येते. अण्णाभाऊ साठे यांनी तमाशातील गणाच्या देवस्तुतीला रजा दिली, तेथे मायभूमीचे वंदन आणले आणि त्याच ढोलकीवर कामगारांची कथा सांगितली. चौंडक्यावरही नवे आशय वाजू शकतात. किंबहुना जोगत्याला देवीच्या नावाने मागावे लागू नये यासाठीच त्याच्या कलेला स्वतंत्र मोबदला मिळाला पाहिजे. कलावंत म्हणून दाम मिळू लागले की देवाच्या नावाने हात पसरण्याची सक्ती सुटते. अनुदान येथे अंधश्रद्धेच्या विरुद्ध बाजूला उभे आहे.

कार्यकर्त्यांनी यापुढे काय करावे? ठराव करून थांबू नये. प्रत्येक तालुक्यात तृतीयपंथी कलावंत कोण आहेत, ते काय गातात, काय वाजवितात, काय लिहितात, याची नोंद त्यांच्या संमतीने व्हावी. नावाच्या आणि कागदपत्रांच्या अडचणी सोडविण्यासाठी त्यांच्यासोबत तहसील कचेरीत जाणारा माणूस नेमावा. शाळेचे सभागृह, कामगार संघटनेचे कार्यालय, ग्रंथालयाची खोली, जेथे शब्द चालतो तेथे आठवड्यातून एक दिवस तालमीस जागा मिळवून द्यावी. शिबिरांत व मेळाव्यांत त्यांचे कार्यक्रम ठेवावेत आणि ठरलेला मोबदला त्याच दिवशी हातावर ठेवावा. चळवळीसाठी फुकट गा, असे ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला सांगू नये. जिल्हा परिषद आणि महानगरपालिकेतील सदस्यांनी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष मागावे. आमदारांनी कल्याण मंडळाला कलेसाठी किती रक्कम मिळाली आणि किती खर्च झाली, हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात विचारावा.

एका कलावंताच्या गळ्यात पदक घालणे सरकारला सोपे आहे. त्यात खर्च थोडा आणि छायाचित्र चांगले येते. दहा कलावंतांना दरमहा वेळेवर पैसे पोहोचविणे, त्यांना शिकविणारे शोधणे, त्यांच्या सहकारी संस्थेची नोंदणी करून देणे हे कंटाळवाणे काम आहे. त्याला कोणी टाळ्या वाजविणार नाही. जत्रा आटोपल्यावर, चौंडके खांद्याला लावून एस. टी. च्या थांब्यावर उभ्या असलेल्या जोगत्याच्या खिशात घरी नेण्यापुरते पैसे आहेत की नाहीत, यावरूनच ते काम झाले की नाही हे ठरेल.